आत्याचं ‘कुछ नी’

आमच्या आत्याला आयुष्यात कधी काही झालंच नाही. निदान तिच्या म्हणण्याप्रमाणे. शिलाई मशीनची सुई नखातून आरपार गेली, तेव्हा तिने बोट पदरात गुंडाळलं आणि समोरच्या बाईला ब्लाउजचं माप विचारलं. आम्ही धावलो तर म्हणाली, “कुछ नी, मी ठीक आहे.” तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण ते ‘कुछ नी’ अजून कानात आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच येतो.

हिंदी मुलखातल्या आमच्या मल्हारगंजच्या घरात शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. लग्नानंतर चार वर्षांतच विधवा होऊन ती माहेरी आली, ती कायमची. ब्लाउज शिवून तिने स्वतःचं भागवलं, वर माझे लाडही केले. भिडस्त मुळीच नव्हती. भाजीवाल्याशी हिंदीत, मांजराशी माळवीत आणि गणपतीशी मराठीत भांडायची. फक्त स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

गळ्याची गाठसुद्धा तिने वर्षभर पदराआड लपवली. शेवटी थायरॉइड पूर्ण काढावी लागली; नशिबाने गाठ साधी निघाली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं, की थायरॉइडला चिकटून चार इवल्याशा ग्रंथी असतात, त्या शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात आणि अशा ऑपरेशननंतर काही दिवस सुस्तावतात. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही, आणि ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. म्हणजे सगळी भिस्त पेशंटच्या सांगण्यावर. मी आत्याकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संकष्टी होती. गाठ साधी निघाली तर पाच चतुर्थ्या निर्जळ करीन, असं ती बड्या गणपतीला बोलून बसली होती, हे मला कुठे ठाऊक? माझी रजा संपली होती. गोळ्या ताटलीत काढून ठेवल्या आणि मी शहराबाहेर राऊ गावातल्या कॉलेजात शिकवायला गेले. दुपारी फोन करून विचारलं, गोळी घेतलीस ना? ती म्हणाली, “कुछ नी, मी ठीक आहे.” आत्या खोटं बोलत नसे. मी ते ‘हो’ समजले आणि पुढच्या तासाला गेले. ती चूक माझी.

पाचला घरी आले, तर बाईसाहेब मशीनशेजारी बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होत्या. सुई पडली. तिने उचलली, पुन्हा पडली. मी तिचा हात ओढून बघितला. चिमटीत कुंकू धरावं तशी बोटं आखडून एकत्र आली होती आणि सुटत नव्हती. गोळ्या ताटलीत तशाच होत्या. ओठांना मुंग्या येतायत का, कधीपासून येतायत, मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

“सकाळपासून,” ती म्हणाली. “चंद्र निघाला की पाणी पिणारच होते ना.”

रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात नेलं. छातीला वायरी लावून शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, घसा आवळला असता, असं डॉक्टर मलाच बोलले. तिची बोटं उलगडली तेव्हा मात्र मी तिच्यावर भडकले. गणपतीने का गोळीपुरतं पाणी नाकारलं असतं? आणि मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?

तिने पदर सारखा केला.

“एकदा सांगितलं होतं बेटा. सासरी. सातवा महिना होता. पोटात दुखतंय म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं, चुप बस. मी बसले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.”

आत्याचं मूल गेलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने आधी सांगितलं होतं, हे कोणालाच नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि लाज वाटली. तिचा हात धरून मी विचारलं, मुलगा होता की मुलगी.

“मुलगी,” आत्या म्हणाली. “आजवर कोणी विचारलंच नी.”