डफड्याची थाप आणि मायचे केस

डफड्यावर पहिली थाप पडली तेव्हा चर्चच्या मंडळीतली सगळी माणसं पोरींच्या फेराकडं पाहत होती. मी मायच्या डोक्याकडं पाहत होतो. तिनं तेल लावून केस इतके घट्ट ओढून बांधले होते की भुवया वर ताणल्या गेल्या होत्या. ते केस सुटले तर काय होणार, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आमच्या पंचांना ठाऊक होतं आणि डफडं वाजवणाऱ्या माझ्या मामालाही ठाऊक होतं. बाकी सगळे नाताळच्या आनंदात होते.

आधीपासून सांगतो. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. त्याच नागपुराहून मी बी. ए. होऊन गावी आलो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी स्वतःची सही केलेली नव्हती. हे मी तेव्हा छाती काढून सांगायचो आणि आजही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोताळ्याकडच्या आमच्या गावाला मिशनचं आवार होतं. त्यात चर्च, शाळा आणि मुलींचं बोर्डिंग. बाप मी मॅट्रिक व्हायच्या आधीच गेला. माय बोर्डिंगात स्वयंपाक करायची. मी शाळेत लागलो आणि लोक मला बी. ए. मास्तर म्हणू लागले. काही कौतुकानं म्हणत, काही चिडवायला. मी दोन्ही कौतुकातच धरायचो.

भादव्याच्या पुनवेपासून गावात भुलाबाईची गाणी सुरू व्हायची. तिन्हीसांजेला आवाराच्या भिंतीपलीकडून पोरींचे आवाज यायचे आणि बोर्डिंगातल्या आमच्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. त्यांना तिकडं जायची मनाई होती. तोंडं बंद, पण पायांचे अंगठे मातीत ठेका धरायचे. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, यांना यांचा फेर का नसावा? तारणाऱ्याच्या जन्माची गाणी मी त्याच चालीवर रचली. मधे टिपऱ्या, शेवटी जलद फेर. नाताळच्या उपासनेनंतर चर्चमध्येच करायचं ठरवलं. मिशनच्या मड्डमसाहेबांना विचारलं तर त्या त्यांच्या छापील मराठीत म्हणाल्या, "नृत्य व्हावे. परंतु सभ्य असावे." मी म्हटलं, "सभ्यच आहे." झालं.

खरा विरोध पंचांचा. मंडळीचे मुख्य पंच म्हणजे वयानं मोठे, पांढऱ्या मिशांचे, आवाज भरदार. मंडळीत कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे त्यांच्या शब्दावर चाले. आमची माणसं एके काळी दुसऱ्यांच्या लग्नात आणि देवीच्या जत्रेत डफडं वाजवायची. बाप्तिस्म्याच्या दिवशी पंचांनी आपलं डफडं नळगंगेच्या काठी स्वतःच्या हातानं जाळलं होतं. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही जाळलं.

चर्चच्या ओट्यावर चार माणसांदेखत त्यांनी मला धरलं.

"मास्तर, डफडं वाजलं का कोनाच्या आंगात काय येईन, हे तुह्या कॉलेजात शिकवलं काय?"

"दादा, थे सगळं मनाचं असते," मी म्हटलं.

"मनाचं? मन काय माणूस खुंटीले टांगून ठेवते? आंगातच असते ना थे!"

माणसं हसली. माझे कान तापले. मी म्हटलं, "पवित्र शास्त्रातला राजा देवापुढं नाचलाच ना?"

"नाचला. अन् त्याच्या बायकोनं त्याले कसं निलाजरं म्हटलं, थेबी वाच." पुन्हा हशा. मग ते हसायचे थांबले. "एक सांगून ठेवतो. आपल्या या देवळात कोनी घुमलं, तं थे कोनाची माय हाय हे म्या पाहणार नाई."

'कोनाची माय' ही नुसती बोलायची रीत आहे असं मी समजलो. धमकी मात्र पोकळ नव्हती. मंडळीतली एक विधवा पोराच्या आजारपणात गुपचूप देवीच्या जत्रेला जाऊन आली, तेव्हा पंचांनी तिला काढलं होतं. प्रभुभोजन बंद, बोलणं बंद. ती मेली तेव्हा आमच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली नाही आणि गावातली जुनी माणसं म्हणाली, तुमची हाय, तुमी पाहा. तिची मयत दुपारपर्यंत दारात पडून होती. मी कॉलेजच्या सुटीत आलेलो, ते मी पाहिलं होतं.

तालीम टाळ्यांवर सुरू झाली. टाळ्यांवर फेर ओढल्यासारखा चालायचा, पोरींचे पाय चिखलात असल्यासारखे. पेटीनंही भागेना. डफडं हवंच होतं आणि आमच्यात ते कोणाकडं उरलं नव्हतं. मी पिंपळगाव राजाला मामाकडं निरोप धाडला. मामा मायचा धाकटा भाऊ, त्यानं धर्म बदलला नव्हता, अजून लग्नंकार्यं वाजवायचा. तो नाताळच्या आधीच्या आठवड्यात डफडं पाठीला बांधून आला. शाळेच्या पडवीत त्यानं गवताच्या जाळावर चामडं तापवलं, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि वाजवायला घेतलं. पोरींचे पाय एकदम हलके झाले. मड्डमसाहेब बंगल्यातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, जिंकलं आपण.

तेवढ्यात बोर्डिंगातली एक पोर पळत आली. "मास्तर, मावशी बोलून नाई राह्यली."

मी स्वयंपाकघरात गेलो. माय परातीसमोर बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. मळत नव्हती. नुसते हात घालून बसली होती. चुलीवरचं वरण उतू जात होतं.

"माय, काय झालं?"

"मामाले काऊन बोलावलं?"

"मंग कोनाले बोलावू? दुसरा वाजवणारा हाय कोण आपल्यात?"

"मले इचारायचं व्हतं."

"तुले कायचं इचारायचं त्यात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "तू लहान व्हता. माह्या आंगात येत व्हतं. तुह्या मामाच्याच हातावर येत व्हतं."

घरात हे कधी बोललं गेलं नव्हतं. एवढंच कानावर होतं की बाप्तिस्म्याआधी माय आजारी असायची. आता ती बोलत गेली, हात तसेच पिठात. दर मंगळवारी बायका जमायच्या. मामा एक ठेका धरायचा, सुरुवातीला सावकाश, मग अंगावर येणारा. मायचे केस आपोआप सुटायचे आणि पुढचं तिला काही आठवत नसे. शुद्धीवर यायची तेव्हा कपाळ फुटलेलं, लोक पायावर डोकं ठेवत असलेले आणि मी कोपऱ्यात रडत असलेला. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडून बाहेर आल्यावर ते बंद झालं.

"दुसऱ्याचं डफडं आयकलं तं काई नाई व्हत," ती म्हणाली. "रस्त्यानं वराती जातात, मी भाकरी थापत रायते. पन त्याचा हात वळखते आंग. मी नाई वळखत. आंग वळखते."

"हात काऊन पिठात घातले?"

"पिठात असले का थरथर दिसत नाई."

तेव्हा मला ओट्यावरचं पंचांचं बोलणं आठवलं. कोनाची माय हाय. म्हणजे पंचांना हे आधीपासून ठाऊक होतं.

मी बी. ए. झालेला माणूस. अंगात येणं हा मनाचा खेळ, हे मी चारचौघांत सांगत फिरणारा. पण त्या दुपारी मला पुस्तकातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मनाचा खेळ असला तरी तो चर्चमध्ये, पंचांच्या डोळ्यांदेखत झाला तर मायची मयत कुठं जाणार, एवढंच दिसत होतं.

"तू त्या दिवशी घरीच राय," मी म्हटलं.

"पोराचं काम अन् माय घरी? पंच काय म्हणतीन? बी. ए. मास्तरची माय डफड्याले भ्याली. तिथंच सापडलो आपुन."

मामाला परत धाडावं असं मनात आलं. पण मड्डमसाहेबांनी मलकापूरच्या पाहुण्यांना बोलावणं केलं होतं आणि त्यात डफड्याचा खास उल्लेख होता. मामा का गेला, याला कारण काय सांगायचं? मी मामाला बाजूला घेतलं. त्याचंही तोंड उतरलं.

"तुह्या मायनं सांगतलं काय? मले वाटलं, आता थ्या गोष्टीले जमाना झाला." त्यानं डफडं उलटं करून मांडीवर ठेवलं, तोंड झाकावं तसं. "म्या साधा ठेका धरतो, भाचेबुवा. लग्नातला. तो दुसरा हातात येऊच देत नाई."

"नक्की ना मामा?"

"हात हाय, घोडं नाई. लगाम कुठं लावू?" तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. माय भिंतीकडं बसेल असं मला वाटलं होतं, ती पुढं येऊन बसली. पंच समोर खुर्चीवर, काठीवर हात. त्यांचे डोळेही पोरींवर नव्हते.

पहिलं गाणं झालं. मामा शब्दाला जागला, डफडं लग्नातल्यासारखं साधं वाजत राहिलं. टिपऱ्या झाल्या. मड्डमसाहेब हातानं हलकाच ताल धरत होत्या. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटचा जलद फेर तेवढा उरला.

पोरी वेगात आल्या. गाणं मीच रचलेलं, शेवट चढता ठेवलेला. पोरी चढल्या तसा मामाचा हात चढला. मी मामाकडं पाहिलं. त्याचे डोळे मिटले होते. ठेका बदलला. मी तो ठेका आयुष्यात ऐकलेला नाही अशी माझी समजूत होती, पण मानेवरचे केस उभे राहिले. कोपऱ्यातल्या रडक्या पोरानं तो ऐकलेला होता.

मायच्या केसांची गाठ सुटली. कोणी हात लावला नाही. ती उभी राहिली.

मामानं डोळे उघडले, तिला पाहिलं आणि हात हवेतच थांबवला. पोरी थांबल्या. पंच खुर्चीवरून उठले. 

"काऊन थांबला रे?" माय मामाला म्हणाली. "वाजव."

मामा हलेना.

"वाजव म्हटलं ना!"

त्यानं वाजवलं. माय पोरींच्या फेरात शिरली, एकीचा हात इकडून धरला, एकीचा तिकडून, आणि नाचली. केस मोकळे, पाय अनवाणी, पावलं पोरींच्या पावलांबरोबर. मी तिचे डोळे शोधत होतो. ते उघडे होते. सताड उघडे, पापणी न लवता, आणि सरळ पंचांच्या तोंडावर लावलेले. फेर पुरा झाला. तिनं केस गोळा केले, गाठ मारली आणि जागेवर येऊन बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही बसवलेलंच होतं.

उपासना सुटल्यावर पंचांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं. मड्डमसाहेब होत्या, मी होतो. मामाला बाहेर उभं केलं होतं.

"बाई, खरं सांग," पंच म्हणाले. "कोन आलं व्हतं?"

 देवी म्हणाली असती तर त्याच दिवशी बाहेर. देवाचा आत्मा म्हणाली असती तर त्याहून मोठं पाप धरलं असतं.

"कोनी नाई आलं," माय म्हणाली.

"मंग नाचलं कोन?"

"मी."

"तूच?"

"हाव. मीच व्हती."

पंचांनी मड्डमसाहेबांकडं मान वळवली. मड्डमसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी इंग्रजीत सांगितलं.  त्या म्हणाल्या, "यात अपराध कोणता?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं," पंच म्हणाले. "देवी आली असती तं मले सोपं व्हतं, काढून टाकलं असतं. आता हिचं काय करू?" त्यांनी मायकडं पाहिलं. "केस बांधून येत जाय, बाई."

"बांधूनच आली व्हती, दादा."

एवढ्यावर सुटलो. फेर पुढल्या वर्षीही होईल, डफडं मात्र आवाराबाहेर ठेवायचं, असं ठरलं. मामा माझ्याकडं न पाहताच गाडीवाटेला लागला होता. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. दिवसभर लोक येऊन बोलत होते, मी हसून उत्तरं देत होतो.

संध्याकाळी बोर्डिंगात गेलो. मला एकच विचारायचं होतं, की खरंच कोणी नव्हतं का. स्वयंपाकघराच्या दारातच मी थांबलो. माय परातीसमोर बसली होती. पीठ मळून गुळगुळीत झालं होतं, चूल पेटलेली, तवा तापलेला. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते आणि ती ते बाहेर काढत नव्हती.

मी विचारलं नाही. बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून राहिलो.