नामंजूर रजा

उटण्याचा वास आला की मला दिवाळी नाही, लखनौ आठवतं. बाबांच्या पलटणीतल्या निवृत्त जवानांचा तिथल्या छावणीत सहकुटुंब मेळावा होता. हिरवळीवर कोवळं ऊन, कबाबांचा धूर आणि बाबांच्या ब्लेझरला डांबरगोळ्यांचा वास. पलटणीचा जुना क्लार्क माइकवर कौतुकानं म्हणाला, "साहब हर दिवाली अपनी मंज़ूर छुट्टी किसी और को दे देते थे." आई आणि मी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला बाबा दरवर्षी फोनवर सांगायचे, रजा मिळाली नाही. तरी आई त्यांच्या वाटचं उटणं भिजवून ठेवायची. "खरंय हे?" तिनं हळूच विचारलं. बाबा हसून म्हणाले, "अगं, त्यांची मुलं लहान होती." तेव्हा मी केवढी होते, हे मी त्यांना अजूनही विचारलेलं नाही.