तारेवरचा लाल दिवा

चांगला अंधार कुठे मिळेल, हा प्रश्न आमच्या घरात आज भाजी काय करायची याच्याइतका रोजचा झाला होता. नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, मी एका कार्यालयात नोकरी करते, आणि त्याने हौसेने घेतलेली दुर्बीण आमच्या दिवाणाखाली झोपते. यवतमाळात गच्चीवरून आता चंद्र आणि दोन-चार ग्रह सोडले तर फारसं काही दिसत नाही. लोहाऱ्याच्या बाजूला जावं तर कारखान्यांच्या दिव्यांनी अर्धं आभाळ पिवळं झालेलं असतं.

दारव्हा रोडला एक टेकडी सापडली होती. आभाळ छान होतं, पण अमावास्येच्या अंधारात तीन पायांचं यंत्र उभं करून कुजबुजणारं जोडपं बघून गावातली माणसं काठ्या घेऊन वर आली. आम्ही गुप्तधन काढायला आलोय असा त्यांचा समज झाला होता. नवऱ्याने त्यांना शनीची कडी दाखवली. त्यांनी आळीपाळीने ती बघितली, पण काठ्या काही खाली ठेवल्या नाहीत. मला तेव्हापासून या छंदाची भीतीच बसली. जिथे अंधार उरलाय तिथे तो कशामुळे तरी उरलाय, आणि ते कारण आपल्याला आधी कोणी सांगत नाही, असं मला वाटायला लागलं. नवऱ्याला तसं काहीच वाटलं नाही. तो मोबाइलवर नकाशे बघत बसला.

नकाशातला सगळ्यात काळा भाग झरी जामणीकडे होता, आणि तिकडे माझ्या मावसभावाचं शेत आहे. मग काय, नवऱ्याला आयतंच कारण मिळालं. थंडी सुरू झाली होती, चंद्र नव्हता. दिवेलागणीला आम्ही तिथे पोचलो. येताना वाटेत एकही माणूस दिसला नाही. वाघ फिरतोय म्हणून लोक लवकर घरी परततात, असं भावाने सांगितलं, अगदी बस उशिरा येते असं सांगावं तसं.

शेतात हरभरा होता, बोटभर वाढलेला. त्याच्या चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बारीक तार ओढलेली होती. मला वाटलं, सौरपेटीवरची झटक्याची तार असेल. तशी नव्हती. भावाने पंपाच्या लाइनवरून सरळ वीज तारेत सोडली होती. असं करू नये हे त्याला माहीत होतं, आणि आजूबाजूचे दोघं-तिघं तेच करतात हेही माहीत होतं. रानडुकरांनी मागच्या वर्षी हरभरा मुळासकट उलथून टाकला होता. पायवाट जिथे तार ओलांडते तिथे एका खुंटावर झिरोचा लाल दिवा लावलेला होता.

"दिवा दिसला का तार जिती हाय समजाचं," भाऊ मला म्हणाला. "दिवा नसन तर बिनधास्त या."

नवरा तेव्हा गाडीतून दुर्बीण उतरवत होता. गाडी आणि दुर्बिणीची जागा तारेच्या बाहेर, पडीक जमिनीवर होती. वहिनीची झोपडी आत, हरभऱ्याच्या मधोमध, आणि विहीर त्याच्याही पलीकडे. भाऊ पाणी द्यायला विहिरीकडे गेला, मी स्वयंपाकाला हात लावायला वहिनीकडे. जाताना नवऱ्याने माझा मोबाइल काढून गाडीत ठेवला. एकदा उजेड डोळ्यांत गेला की अंधाराची सवय मोडते, हे त्याचं नेहमीचं पालुपद.

भाकरी झाल्या, ठेचा झाला. वहिनी दाराबाहेर डोकावली आणि म्हणाली की दिवा गेलाय, यांनी आपल्यासाठी तार बंद केली वाटते. भावाची ती रीतच होती. वहिनीला माणसं कमी, बोलणं कमी, म्हणून आम्ही आल्याचा तिला मनापासून आनंद झाला होता. डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन ती पुढे निघाली, मी पाण्याची कळशी घेऊन मागे. बॅटरी भावाजवळ होती. पायाखालची जमीन दिसत नव्हती आणि वर इतके तारे होते की मी पहिल्यांदाच नवऱ्याला मनातल्या मनात माफ केलं.

आमची चाहूल लागली तसा तो अंधारातून खुशीत बोलला, "या लवकर. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसतेय. तो लाल दिवा मधे येत होता, काढून ठेवला मी."

वहिनी थांबली. मी तिच्या पाठीवर जवळजवळ आदळलेच.

बल्ब त्याने फिरवून काढला होता. तार चालूच होती. विहिरीवरची मोटर चाललेली मला ऐकू येत होती, मघापासूनच ऐकू येत होती, पण मोटर चालू म्हणजे तारही चालू, हा अर्थ मला आत्ता लागला. तार पुढे आहे की पायाशी आहे, काही कळत नव्हतं. नवऱ्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दिवा परत लावतो म्हणून तो घाईने आमच्याकडे यायला निघाला.

"भाऊजी, जागचे हलू नका," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तारेपेक्षा त्या आवाजाचीच भीती वाटली.

आम्ही तिघं भावाला हाका मारत राहिलो. मोटरच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. कळशीतलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं, आणि ओले पाय म्हणजे आणखी वाईट, हे आठवून मला रडू फुटलं. आभाळ तसंच लखलखत होतं. मला त्याचा राग आला.

शेवटी मोटर थांबली. भाऊ बॅटरी घेऊन पळत आला आणि त्याने उजेड आमच्या पायांवर टाकला. पुढे काहीच नव्हतं. तार आमच्या मागे होती. आम्ही दोघी ती ओलांडून आलो होतो, कधी ते आम्हाला कळलंच नव्हतं.

नवरा बल्ब हातात धरून उभा होता. भावाने तो त्याच्याकडून घेतला, खुंटावर बसवला आणि वहिनीला म्हणाला, "आता बंद हाय. चाल इकडे."

वहिनी टोपली खाली ठेवून पडीक जमिनीवर बसली.

"दिवा नसन तर बंद, हेबी तुमीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तार गुंडाळा. मंग येतो मी."

डुकरं रात्रीतून सगळा हरभरा खातील, असं भाऊ म्हणाला. खाऊ द्या, ती म्हणाली. मग तो आमच्याकडे वळून म्हणाला की तुम्हाला लांब जायचंय, उशीर करू नका. संध्याकाळी हौसेने आम्हाला हरभरा दाखवणारा माणूस हा नव्हताच. मी वहिनीला यवतमाळला चल म्हटलं, दोन दिवस राहा म्हटलं. तिने माझा हात थोपटला आणि हे आमच्या दोघांतलं आहे, तुम्ही निघा, असं सांगितलं. भाकरी तिने फडक्यात बांधून आमच्या गाडीत ठेवल्या.

डांबरी रस्त्याला लागण्याआधी मी नवऱ्याला गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून मागे पाहिलं. शेताच्या कडेला लाल दिवा लागला होता. वहिनी तारेच्या कोणत्या बाजूला होती, ते इतक्या लांबून मला दिसत नव्हतं.