नाव न विचारणारा फोन

नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी रुग्णालयातला एक खोटा जबाब मला अजून विसरता आलेला नाही. खोटे जबाब पोलिसाला नवीन नसतात. आरोपी देतात, साक्षीदार देतात. हा जबाब मार खाल्लेल्या माणसाने दिला होता, आणि त्यामुळे वाचणार होते ते त्याला मारणारेच. कोणाचेही नाव मी देणार नाही. खटला अजून निकाली निघालेला नाही.

त्या वेळी मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयातून खबर आली की खुटबावकडचा पन्नाशीतला एक इसम दाखल आहे, डाव्या पायाची हाडे मोडली आहेत. हवालदार जाऊन जबाब घेऊन आला. कामावरून घरी येताना कालव्याच्या रस्त्याला मोटारसायकल घसरली, कोणाविरुद्ध तक्रार नाही. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली. प्रकरण तिथेच संपले असते.

बाजाराच्या दिवशी मी हद्दीतल्या गावांत फेरी मारत असे. रस्त्याकडेला एका चाचांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातले. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवले.

"साहेब, दवाखान्यातल्या त्या आप्पाची गाडी त्याच्या भाच्यानं माझ्याकडं आणली. म्हणला, पडलीय, बघा काय मोडलंय. आरसा शाबूत, हँडल सरळ, इंडिकेटर पेटतोय. आप्पाचा पाय तेवढा मोडलाय. गाडी लई समजूतदार म्हणायची."

"भाच्याला काही बोललात?"

"मी कशाला बोलू? हवा भरली आन् दिली. तुमाला सांगतोय."

मी साध्या कपड्यांत रुग्णालयात गेलो. आप्पा कोरेगाव भीमाजवळ एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवत. भाचा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. मी गाडीचा विषय काढला तेव्हा आप्पांनी शेजारी बसलेल्या भाच्याला चहा आणायला पाठवले.

"साहेब, लिवून घेणार असाल तर मी पडलोच. नुसतं ऐकणार असाल तर सांगतो."

"आधी ऐकतो."

त्यांनी सांगितले ते असे. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीन होत्या. हात आत गेला की मशीन थांबावी म्हणून प्रत्येकीला सेन्सर असतो. उत्पादन वाढवण्यासाठी ते सेन्सर बंद ठेवले जात आणि तपासणीचे पथक येणार असले की चालू केले जात. अशाच एका मशीनमध्ये परप्रांतातून आलेल्या एका तरुण कामगाराची बोटे गेली. कागदोपत्री ती दुखापत कारखान्याबाहेरचा रस्ते अपघात म्हणून दाखवली गेली आणि मुलाला गावी पाठवून दिले. आप्पांनी त्याला मशीनजवळून उचलून गाडीत घातले होते.

कँटीनच्या भिंतीवर कंपनीच्या नैतिकता हेल्पलाइनचा फलक होता. गैरप्रकार कळवा, तुमचे नाव विचारले जाणार नाही, असे त्यावर मराठीत लिहिलेले होते. आप्पांनी फोन केला.

"नाव खरंच विचारलं न्हाई त्यांनी. बाई लई गोड बोलली. मी म्हणलो, ताई, त्या सेन्सरच्या डोळ्याला पट्टी बांधल्याली हाय. अजून चार पोरांचे हात जातील."

पुढे काही दिवसांनी कालव्यावर दोघांनी त्यांना अडवले. पायावर रॉड घालताना त्यातला एक म्हणाला, "आता बांध पट्टी." पट्टी हा फोनवर वापरलेला आप्पांचाच शब्द होता. पायापेक्षा त्या शब्दांनी त्यांना जास्त हादरवले होते.

"बायकोला बी सांगितलं नव्हतं मी, साहेब. मंग ह्यांना कुठनं कळलं? आन् उद्या भाच्याला बी कामावरनं काढतील. त्याच्या लग्नाचं ठरतंय. मी पडलोच, असं समजा."

मी त्यांना एवढेच म्हणालो की तुम्ही गप्प राहिलात तर त्या मशीनवर उद्या दुसरा कोणी उभा असेल. त्यांनी भाच्याशी बोलायला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी भाचाच ठाण्यात आला. "मामांचा खरा जबाब घ्या," म्हणाला, "माझं मी बघतो." गुन्हा दाखल झाला.

कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी परराज्यातले होते. शांत, नीटनेटके, माझ्या अंदाजाने प्रामाणिक. "सर, कम्प्लेंट बिल्कुल कॉन्फिडेन्शियल रहती है," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांनी मला तक्रारीची प्रत दाखवली. ती इंग्रजीत होती. सेन्सर निष्क्रिय केल्याचा आरोप, एवढाच मजकूर. डोळा नाही, पट्टी नाही. म्हणजे मारणाऱ्यांना माहिती देणाऱ्याने कागद वाचला नव्हता. त्याने आवाज ऐकला होता.

"रेकॉर्डिंग कोणी ऐकले?" मी विचारले.

उत्तर सावकाश आले. फोन परगावच्या केंद्रात घेतला जाई. तिथल्या मुलीला शहरी मराठी येत होते, आप्पांचे बोलणे निम्मेच कळले. प्रथेप्रमाणे केंद्राने ध्वनिफीत अर्थ लावण्यासाठी कारखान्याकडे पाठवली. या अधिकाऱ्यांनाही ती कळली नाही. म्हणून त्यांनी एका स्थानिक, विश्वासू माणसाला केबिनमध्ये बोलावून ऐकवली. तो माणूस म्हणजे कामगार पुरवणारा शिरूरचा ठेकेदार. बोटे गेलेला मुलगा त्याच्याच हजेरीवर होता आणि रस्ते अपघाताची कहाणीही त्यानेच रचली होती.

"उन्होंने सब ठीक से समझाया," अधिकारी म्हणाले. आपण काय केले हे त्यांच्या लक्षात आले ते हे वाक्य बोलून झाल्यावर. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

ठेकेदार मोठा बागायतदार, सहकारी सोसायटीच्या राजकारणात वजन असलेला. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. मी त्याला ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसवले. येणारे-जाणारे आधी रामराम घालत होते. दुपारनंतर लोक दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. रामराम बंद झाला की अशा माणसाचा धीर सुटतो, हा माझा अनुभव आहे. आत आला तेव्हा हल्लेखोरांपैकी एक आमच्या ताब्यात होता आणि त्याच्या आणि ठेकेदाराच्या मोबाइलवरील संभाषणांचा तपशील टेबलावर होता.

"आवाज कधी ओळखला?"

"पहिल्याच वाक्याला. आप्पाचं बोलणं अख्ख्या पट्ट्यात कुणाला ठावं न्हाई?" मग तो जरा पुढे सरकून म्हणाला, "पण साहेब, मी चोरून ऐकलं न्हाई. त्यांनीच बोलावलं. चहा पाजून ऐकवलं."

हे खरे होते. हल्ल्याचा गुन्हा त्याच्यावर आणि त्याच्या दोन माणसांवर दाखल झाला. बोटे गेलेल्या मुलाला त्याच्या गावाहून बोलावून जबाब घेतला आणि अपघाताची खोटी नोंद करणाऱ्यांवर वेगळी कारवाई सुरू झाली. मशीनचे सेन्सर कारखाना निरीक्षकांसमोर चालू झाले. ध्वनिफीत ऐकवणाऱ्या अधिकाऱ्याला लावण्याजोगे कलम मात्र मला सापडले नाही. त्यांनी कंपनीच्या नियमपुस्तिकेतले एकही वाक्य मोडलेले नव्हते. नाव कोणाला सांगायचे नाही, असा नियम होता. त्यांनी नाव सांगितलेच नव्हते.

या प्रकरणानंतर मी खबऱ्याचा जबाब त्याच्या पट्ट्यातल्या अंमलदाराला लिहू दिला नाही. खोलीत दुसरे कोण आहे, दाराशी कोण उभे आहे, हे आधी पाहू लागलो. जिथे पाठमोऱ्या चालीवरून माणूस ओळखतात तिथे नाव झाकून भागत नाही. गुप्तता ही एखाद्या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलेली जबाबदारी असते. ती हातोहात पुढे सरकवली की कोणाचीच राहत नाही.

भाच्याला ठेक्यावर पुन्हा कामाला घेतले गेले नाही. निवृत्तीच्या आधी मी आप्पांना भेटलो. ते काठी घेऊन चालत होते. पुन्हा असे काही दिसले तर कळवाल का, असे मी विचारले.

"कळवीन की. पण फोन न्हाई करणार. जाऊन तोंडावर सांगीन. मंग मारायचं असलं तर तिथंच मारतील, चार लोकांदेखत."

हे उत्तर मी ज्यांना सांगितले, त्यांनी आप्पांच्या धाडसाचे कौतुक केले. मला ते उत्तर धाडसाचे वाटले नाही. ज्यांनी त्यांना राखायचे होते, त्यांपैकी कोणीच राखणार नाही असा हिशेब करून ते उघड्यावर उभे राहिले होते. त्या सगळ्यांत मीही होतो.