टँकरच्या रांगेतला पोकर

समस्त उस्मानपुरावासीयांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ऑनलाइन पोकरचा कोणता प्रकार कोणत्या माणसाने खेळावा हे सांगणारे मराठवाड्यातले एकमेव अधिकारी पुरुष आता आपल्या गल्लीत राहत नाहीत. हे अधिकारी म्हणजे माझे साडू. पोकर खेळणारे जगात पुष्कळ असतील. पण न खेळता नुसते त्याचे प्रकार निवडण्यात वर्षानुवर्षं रमलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुष्काळाची वर्षं होती ती. बोअर आटले होते आणि शहर मात्र दुधासारखं उतू चाललं होतं. बायपासपलीकडे इमारती उठत होत्या, आमच्या गल्लीतली बैठी घरंसुद्धा मजल्यावर मजले चढवत होती. "माणसं वर चाललीत अन् पाणी खाली," असं साडू म्हणायचे. टँकर यायचा, पण कोणत्या वेळी येईल याचा नेम नसायचा. त्याच्या रांगेतच साडूंची विद्या फुलली. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस एका हातात हंडा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा असायचा. मोबाइलमध्ये फुकटच्या चकत्यांवर, म्हणजे खोट्या पैशांवर, खेळायचं पोकरचं ॲप. कुणी सल्ला विचारला की साडू त्याच्या खेळाची चौकशी करत नसत, तो पाणी कसा भरतो ते बघत. एक बादली भरून निघून जाणारा, मनात आलं तर पुन्हा येणारा, त्याला कॅश गेम. कधीही बसा, कधीही उठा. पुरेशी माणसं जमल्याशिवाय जिना न उतरणाऱ्याला 'सिट अँड गो', कारण तिथंही टेबल भरलं की डाव सुरू. पिंप लावून टँकर कोरडा होईपर्यंत न हलणाऱ्याला टूर्नामेंट. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांना त्यांनी भर रांगेत ओमाहा सुचवला.

"ते काय असतंय?" मास्तरांनी विचारलं.

"हातात चार पत्ते मिळतात, पण त्यातले दोनच वापरायचे. तुम्ही नाय का, चार घागरी आणता अन् दोनच भरून कंबर धरता."

मास्तरांनी त्या दिवशी रागाने चारही घागरी भरून नेल्या. पण मी त्यांना पुढे ओमाहा खेळताना पाहिलं आहे, आणि चांगला खेळतात.

स्वतः साडूंचं मात्र ठरत नसे. ॲप उघडायचं, बोट एकेका प्रकारावर घारीसारखं फिरवायचं, आणि प्रत्येकात खोट काढत बसायचं, तोवर मोबाइलची बॅटरी मान टाकायची. माझी मेव्हणी चिडायची. "मला बघायला आला तवा चहा निवायच्या आत होकार दिला. आता एक बटण दाबवंना व्हय?"

साडू शांतपणे म्हणाले, "तवा प्रकार एकच होता."

त्यांची खरी आस होती टूर्नामेंटची. मोठ्या टूर्नामेंटच्या शेवटच्या टेबलावर एकदा तरी बसायचं, एवढंच मागणं. अडचण टँकरची. टूर्नामेंटमधून मध्येच उठता येत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीचं, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या खालांचं, पाणी साडूच चढवायचे. खालांचे गुडघे गेलेले. एका रविवारी दुपारी मात्र साडूंनी गणित मांडलं. टँकर कालच शेजारच्या गल्लीत येऊन गेला, म्हणजे आपल्याकडे आज येणं शक्य नाही. त्यांनी बटण दाबलं. आणि काय सांगू, त्या दिवशी हा गृहस्थ असा खेळला की संध्याकाळी खरोखर शेवटच्या टेबलावर जाऊन बसला. मी गॅलरीत त्यांच्या शेजारीच बसलो होतो. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

खालांकडे त्या आठवड्यात पाचोडहून लेक आलेली, तिच्या कुशीत तान्हं बाळ, आणि पिंपात तळाला गाळ. खालांनी खिडकीतून साडूंच्या हातातला मोबाइल पाहिला आणि त्या समजून गेल्या. "रहने दो भाऊ, आज का दिन निभा लेंगे," म्हणाल्या.

टूर्नामेंटमधल्या सक्तीच्या पैजेला ब्लाइंड म्हणतात. ती वेळेबरोबर वाढत जाते आणि जागेवर नसलेल्या माणसाच्या चकत्याही गिळत राहते. आयुष्यभर प्रकार निवडत बसलेल्या माझ्या साडूंनी या वेळी क्षणभरही विचार केला नाही. मोबाइल मेव्हणीच्या मांडीवर टाकला, दोन हंडे उचलले आणि जिना उतरले. एक खेप, दुसरी खेप. मीही लाजेकाजेस्तव एक बादली धरली.

त्या दिवशी ते तिसरे आले. आता ते बायपासपलीकडच्या नव्या घरात राहतात. नळाला पाणी आहे, निवडायला वेळच वेळ आहे. फक्त रांग नाही, म्हणून सल्ला विचारायला कुणी येत नाही. मी गेलो की बळंच मला एखादा प्रकार सुचवतात. मला मात्र त्या संध्याकाळचा त्यांचा नंबर तितका महत्त्वाचा वाटत नाही. आठवते ती गॅलरीतून अर्धी बाहेर वाकलेली माझी मेव्हणी. एका हातात साडूंचा मोबाइल, दुसऱ्या हाताने पदर खोचलेला. इतकी वर्षं त्या खेळाला नावं ठेवणारी ती बाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलून गेली, "अहो, ठेवा तो हंडा तिथंच अन् वर या. ब्लाइंड वाढायलेत, पाणी मी भरते."