हॅगर्ड नवरदेव

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात नवे साहेब आले आणि मीटिंगमध्ये इंग्रजी सुरू झालं. मी नुसती मान हलवत बसायचे. शेजारच्या टेबलवरच्या मॅडम म्हणाल्या, "इंग्रजी कादंबरी वाच. पण डिक्शनरी अजिबात उघडायची नाही. मागच्यापुढच्या वाक्यावरून अर्थ आपोआप लागतो."

मी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून एक जाडजूड कादंबरी उचलली. डोंगरातल्या गावचा एक डॉक्टर आणि त्याच्यावर जीव टाकणारी एक शिक्षिका, अशी गोष्ट होती. अर्थ खरंच लागायला लागले. 'नेव्हरदलेस' म्हणजे 'तरीपण', हे मी स्वतःच्या अकलेनं काढलं आणि त्याच संध्याकाळी भाजीवालीवर वापरलं.

"मेथी महाग आहे, नेव्हरदलेस दे."

"ते नाई आलं आज, बाई," ती म्हणाली. "उद्या आलं त ठेवीन तुमच्यासाठी."

त्या कादंबरीत मला सगळ्यांत आवडलेला शब्द होता 'हॅगर्ड'. डॉक्टर दारात आला, की शिक्षिका त्याच्या हॅगर्ड चेहऱ्याकडे बघायची आणि तिच्या काळजात कालवाकालव व्हायची. हॅगर्ड म्हणजे रुबाबदार, देखणा, यात मला तिळमात्र शंका उरली नाही.

त्याच दिवसांत अकोल्याला, माझ्या माहेरी, धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मी सकाळच्या एसटीनं पोचले. मुलगा आणि त्याचे आईवडील सोफ्यावर बसले होते. बाबा त्याला पगारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं विचारत होते. बहीण अजून आतच होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. आपल्या घरातही इंग्रजी बोलणारं माणूस आहे हे कळावं, म्हणून बशी पुढे करत गोड हसून म्हणाले, "यू आर लुकिंग व्हेरी हॅगर्ड!"

बशी घ्यायला पुढे आलेला मुलाचा हात हवेतच थांबला.

"एवढं दिसतंय का?" त्यानं गालावरून हात फिरवला.

"काय म्हणाल्या त्या?" त्याच्या आईनं विचारलं.

"चेहरा ओढलेला दिसतो म्हणाल्या. थकून गेल्यासारखा."

मी बशी पटकन टीपॉयवर ठेवली. शब्दाचा अर्थ शेवटी लागला होता, पण सगळ्यांसमोर. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

पण मुलगा मोकळा झाला. ट्रॅव्हल्समध्ये शेवटची सीट मिळाली होती, सारी रात्र डोक्याला गाडीचा टप लागत होता, आणि आईनं बजावलं होतं की तिथं जांभई देशील तर याद राख. एवढं सांगता सांगताच त्याला जांभई आली. चांगली लांबलचक.

बाबांचा नूरच पालटला. "अबे, मंग आधी सांगाचं नाई काय! पोरगं जागरण करून आलं, न आपण त्याले परश्न इचारून राहिलो. चाल, आत झोप."

"नको काका, बरं नाही दिसत."

"आता काय बरं दिसून राहिलं तुयं?"

कूलर लावून त्याला आतल्या खोलीत झोपवलं. तो जेवायलाही उठला नाही. मोठी माणसं संत्र्याच्या बहारावर बोलली, जेवली आणि बैठकीतच एकेक करून आडवी झाली. ज्या मुलीला बघायला सगळे आले होते, ती साडी सावरत माझ्याजवळ येऊन बसली होती. मग चार्जर आणायचं निमित्त करून आतल्या खोलीत डोकावून आली. पदर तोंडात कोंबून हसत होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

"घोरते तो," ती म्हणाली. "पण पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून टॉवेल गुंडाळून झोपला. पॅन्ट खुंटीले टांगली."

उन्हं कलल्यावर तो विस्कटलेल्या केसांनी बाहेर आला. बैठकीत दोन्हीकडचे वडील घोरत होते, म्हणून बहिणीनं चहा मागच्या अंगणात नेऊन दिला. तिथं दोघं पायरीवर बसून बोलत राहिली. विचारायला, टोकायला कोणी नव्हतं. मध्येच तिचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. मोठी माणसं जागी होऊन दाखवण्याचा कार्यक्रम सुरू करायला बसली, तोवर या दोघांचं ठरून गेलं होतं.

निघताना मी त्याला अंगणात गाठून खरं काय ते सांगून टाकलं. तो गेटला धरून हसला आणि म्हणाला, "ताई, मला वाटलं, मुली बघायला इतक्या घरांत बसलो, पण मला कोणीतरी पहिल्यांदा नीट बघितलं."