शाळेच्या फरशीचा उतार

माझ्या मावशीला अख्खं गाव ‘चौकशी खातं’ म्हणायचं. ती शाळेत शिपाई होती. झाडायचं, पुसायचं, घंटा द्यायची आणि उरलेला वेळ नसत्या गोष्टींच्या मागे लागायचं. शाळेच्या खिडक्या एवढ्या उंच का? भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी कड्या कशाला? मुलं त्यांना दप्तरं अडकवायची, तेवढ्यावर बाकीच्यांचं समाधान होतं. मावशीचं होत नव्हतं.

मुख्याध्यापकांना विचारलं की ते म्हणायचे, “मावशी, आमच्या आजोबांनी बांधलीय ही शाळा. काहीतरी विचार केलाच असेल त्यांनी.” आजोबा शाळेचे पहिले मुख्याध्यापक. त्यांचा फोटो दारावर, नातवाने लिहिलेला शाळेचा इतिहास कपाटात. विषय संपला!

आणि एक दिवस इमारत पाडायची नोटीस आली. मोडकळीला आलेली इमारत शंभर वर्षांहून जुनी असेल तर वारसा म्हणून दुरुस्त करायची, नाहीतर पाडायची, असा नियम. शाळा बहात्तर वर्षांची. मुलांना पाच किलोमीटर लांब पाठवणार होते. मावशी स्वतः एक दिवसही शाळेत गेली नव्हती. अक्षरओळख झाली ती इथलेच फळे पुसता पुसता. ही शाळा गेली तर आपलं काय उरलं, असं तिला वाटलं.

इंजिनीअर मोजमाप घ्यायला आला, तेव्हा मावशीने बादलीभर पाणी वर्गात ओतलं. त्याचे बूट भिजले.

“अहो मावशी, हे काय?”

“पाणी कुठे जातंय ते बघा आधी.”

पाणी मधोमध गोळा झालं, सरळ मागच्या भिंतीकडे गेलं आणि तळाच्या भोकातून बाहेर पडलं.

“पंचवीस वर्षं पुसतेय मी. दाराकडे लोटलं तरी मेलं तिकडेच जातं. मुलांच्या वर्गाला असला उतार कोण देतं? तबेला आहे हा!”

इंजिनीअर उकिडवा बसला. कड्या हलवून पाहिल्या. इथे डाकेचे घोडे बदलत असणार, म्हणाला. रेल्वे आल्यावर ते टप्पे बंद पडले, त्याला एकशे दहा वर्षं झाली. “जुन्या नकाशात सापडेल. पण ही इमारत आम्ही बांधलेली नाही, असं शाळेने लेखी द्यायला हवं.”

शेजारी उभ्या मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. “म्हणजे आजोबांनी काहीच बांधलं नाही?”

मावशीला फार वाईट वाटलं. “नसेल बांधलं, सर. पण घोड्यांची घाण काढून इथे मुलं कुणी बसवली? फरशी घासणं काय असतं, ते मला विचारा.”

सरांनी कागद पुढे ओढला आणि लिहून दिलं. आठवड्याभरात नकाशा सापडला, नोटीस मागे घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मावशीला सातवीच्या वर्गात बोलावलं. ती फडकं घेऊनच आली.

“फडकं राहू द्या,” म्हणत सर मुलांकडे वळले. “मी शिकवलेला शाळेचा इतिहास चुकीचा होता. खरा काय तो या सांगतील.” आणि ते मागच्या बाकावर मुलांत जाऊन बसले.

रिकाम्या वर्गात मावशी हजारदा आली होती, भरल्या वर्गात पहिल्यांदाच उभी होती. आधी अडखळत, मग रंगात येऊन तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “कुणाला काही विचारायचंय?”

पहिला हात सरांनी वर केला.